बल्ल्याला डांबर फासून झालं, आता निवड समितीची पाळी?

शिशिर_रामबाग | २६ नोव्हेंबर २०२५, रात्री ८:४०

गुवाहाटीची कसोटी आटोपली. दक्षिण आफ्रिकेकडून ४०८ धावांनी हरलो. धावांच्या हिशेबात कसोटीत आपला याहून मोठा पराभव नाही. याआधीचा नागपूरचा होता, २००४ साली ऑस्ट्रेलियाकडून ३४२ धावांनी. याच मालिकेत गुवाहाटीच्या आधी कोलकात्यात १२४ करायच्या होत्या, त्यातल्या ९३ झाल्या. दक्षिण आफ्रिकेनं आपल्याकडे येऊन मालिका जिंकली ती २००० नंतर थेट आत्ता. गेल्या वर्षी न्यूझीलंडनं ०-३ केलं तेव्हा म्हटलं होतं, जाऊ द्या, एखादं वर्ष वाईट जातं. आता काय म्हणायचं?

दुपारपासून माझ्या फोनवर तीन ग्रुप पेटलेत. घरच्यांचा, ऑफिसचा आणि शाळेतल्या मित्रांचा. तिन्हीकडे एकच मागणी, निवड समितीचे अध्यक्ष आगरकर आणि त्यांच्या समितीला घरी पाठवा. घरच्या ग्रुपवर तर आमच्या मावशीनंही लिहिलंय, आणि तिला कसोटीत किती डाव असतात ते विचारू नका.

माझा प्रश्न साधा आहे. दोषाचे शंभर मार्क आहेत असं धरा. निवड समितीला किती, प्रशिक्षकाला किती, खेळाडूंना किती, खेळपट्टीला किती? माझे निवड समितीला ६०. सरफराझनं गेल्या वर्षी बंगळुरूला न्यूझीलंडविरुद्ध १५० मारले, आज तो कुठे आहे? शमी बंगालकडून रणजी करंडकात घाम गाळतोय, तो कुठे आहे?

---

जिरावन_मारके | रात्री ८:५२

भिया, मावशींना समितीवर घ्या. निदान डाव किती ते विचारून तरी घेतील.

मार्क: पोहे ४०, जलेबी ६०.

---

मृण्मयी_के | रात्री ९:२०

शिशिर, ६० फार झाले.

समिती पंधरा जण निवडते. त्यातले अकरा कोण, कोण कितव्या क्रमांकावर, हे कर्णधार आणि प्रशिक्षक ठरवतात. या मालिकेसाठी समितीनं साई सुदर्शन दिला, पडिक्कल दिला. कोलकात्यात तिसऱ्या क्रमांकावर कोण उतरलं? वॉशिंग्टन सुंदर. अकरात चार फिरकीपटू, सहा डावखुरे फलंदाज. गुवाहाटीला सुदर्शन तिसरा आणि तोच सुंदर थेट आठवा. यात आगरकरांचा हात कुठे आला?

आणि कोलकात्याची खेळपट्टी आम्हाला हवी तशीच मिळाली, असं सामना हरल्यावर खुद्द प्रशिक्षक गंभीरनंच सांगितलं. मागून घेतलेल्या खेळपट्टीवर आपण ९३ मध्ये गारद. त्यांचा फिरकीपटू सायमन हार्मर, त्याच्या दोन सामन्यांत १७ विकेट.

किराणा आणणारा वेगळा आणि फोडणी देणारा वेगळा. भाजी करपली की वाण्याला शिव्या देत नाही आपण.

निवड समिती २०, प्रशिक्षक ४०, फलंदाज ४०.

---

पुणेरी_पगडी | रात्री ९:३१

शीर्षकात 'बल्ला' वाचून दचकलो. मराठीत बॅट म्हणतात. बाकी चर्चा चालू द्या.

---

जिरावन_मारके | रात्री ९:३३

हो का? मग 'बॅट' कोणत्या मराठीतून आला, एकनाथांच्या की तुकोबांच्या?

---

आजोबा_नारायणबाग | रात्री ९:५८

पगडीराव, आमच्याकडे 'विजय बल्ला' हे विशेषनाम आहे. तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. १९७१ मध्ये वाडेकरांच्या संघानं आधी वेस्ट इंडिजमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. त्या आनंदात इंदूरकरांनी काँक्रीटची भलीमोठी बॅट उभी केली, वर संघातल्यांची नावं. मी तेव्हा चौदा वर्षांचा. वडिलांनी सायकलच्या दांड्यावर धाकट्या भावाला बसवलं, मी मागे कॅरियरवर, आणि आम्ही ती बघून आलो. भाऊ म्हणाला, एवढी बॅट धरणारा माणूस कुठे आहे? वडील म्हणाले, होता, सी. के. नायडू.

१९७४ मध्ये तोच संघ इंग्लंडमध्ये ०-३ हरला. लॉर्ड्सला दुसऱ्या डावात ४२ सर्वबाद. मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगड पडले आणि आमच्या इंदुरात त्या बल्ल्याला लोकांनी डांबर फासलं. तीन वर्षांत फुलांच्या हारापासून डांबरापर्यंत. नंतर दुलीप करंडकासाठी वाडेकरांना पश्चिम विभागातूनही वगळलं, मग त्यांनी खेळणंच सोडलं.

म्हणून शिशिरचं शीर्षक बरोबर आहे. मार्क नंतर देतो, झोपायची वेळ झाली.

---

बडोद्याचा_बंड्या | रात्री १०:१४

आजोबा, नमस्कार. बडोद्याहून वाचतोय.

निवड समितीला शिव्या खाण्यात आम्हीही मागे नाही. आमचे किरण मोरे २००२ ते २००६ अध्यक्ष होते. २००५ मध्ये गांगुलीला वगळलं तेव्हा कोलकात्यात मोरेंचे पुतळे जाळले. आमच्या पोळातले, म्हणजे गल्लीतले, लोक तेव्हा अभिमानानं सांगायचे, बघा, आपल्या माणसाचा पुतळा बंगालमध्ये जळतोय. बडोदेकरांना कशाचा अभिमान वाटेल सांगता येत नाही.

मार्क: समिती ३०. पण ते शमीसाठी नाहीत, सतत माणसं बदलण्यासाठी आहेत. करुण नायरला आठ वर्षांनी परत आणलं, इंग्लंडमध्ये ८ डाव दिले, २०५ धावा झाल्या आणि काढलं. मग आणलाच कशाला? त्रिशतकवाला आहे हे आधीच माहीत होतं, तेहतिशीचा आहे हेही माहीत होतं.

---

शिशिर_रामबाग | रात्री १०:२५

मृण्मयी, वाण्याचं उदाहरण आवडलं. पण वाण्यानं मुळात बटाटेच दिले आणि आपण कोबी मागितला होता, तर?

---

मृण्मयी_के | रात्री १०:३१

कोबी म्हणजे सरफराझ का? :)

खरं सांगते, मलाही त्याला वगळल्याचं कोडं सुटत नाही. पण तो असता तर गुवाहाटीत ५४९ चा पाठलाग झाला असता का? तिथे तर खेळपट्टीचीही सबब नव्हती. त्यांनी ४८९ केल्या. त्याच खेळपट्टीवर आपण २०१, आणि यान्सेननं आखूड चेंडू टाकून ६ काढले. उंच डावखुरा गोलंदाज आहे हे काही आदल्या रात्री कळलेलं नाही.

---

ग्वाल्हेरी_गजक | रात्री १०:४७

गुवाहाटीत जेवणाआधी चहा होता म्हणे. सूर्य लवकर मावळतो म्हणून. आमच्या फलंदाजांनी समजून घेतलं की चहा झाला, आता घरी जायचं.

---

अपर्णा_सुदामानगर | २७ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

मुलाचा डबा भरता भरता वाचतेय. चौदा वर्षांखालील मुलांमध्ये खेळतो, यष्टिरक्षक आहे.

तुम्ही सगळे वरचं बोलताय. मला खालचं सांगायचंय. निवड चाचणीला सकाळी सहाला पोचायचं. दोनशे मुलं, चार नेट. प्रत्येकाला किती चेंडू? माझ्या मुलाला मागच्या वेळी नऊ मिळाले. त्यातले दोन वाइड. यष्टिरक्षण बघितलंच नाही, कारण वेळ संपली. यादी रात्री अकरा वाजता ग्रुपवर आली, पीडीएफ. तो झोपला नव्हता. पांघरुणाखाली फोन घेऊन खालपासून वर वाचत होता, वरपासून खाली वाचायची हिंमत नव्हती.

तर आगरकर निदान खेळाडूंना टीव्हीवर तरी बघतात. मी त्यांना १० देते. ९० सगळ्या व्यवस्थेला.

---

जिरावन_मारके | सकाळी ७:३५

ताई, खालपासून वर वाचणं हे वाक्य मनाला लागलं. आज जोक नाही.

(डब्यात काय होतं?)

---

अपर्णा_सुदामानगर | सकाळी ७:४१

गराडू. थंडी सुरू झालीय ना. पण शाळेत पोचेपर्यंत मऊ पडतो.

---

पुणेरी_पगडी | सकाळी ८:०२

गराडू म्हणजे?

---

ग्वाल्हेरी_गजक | सकाळी ८:०५

घ्या, धागा गेला खड्ड्यात. कंद असतो, तळून वर मसाला आणि लिंबू. थंडीत इंदूरला या, सराफ्याच्या खाऊगल्लीत खायला घालू. ज्यांनी खाल्ला नाही त्यांनी खेळपट्टीवर बोलू नये.

---

आजोबा_नारायणबाग | सकाळी ९:३०

अपर्णाताई, मुलाला आशीर्वाद. यष्टिरक्षण न बघता यष्टिरक्षक नापास, ही गंमत आमच्या वेळीही होती.

आता मुद्दा. निवड समितीवर बसलेली इंदूरची माणसं मी पाहिली आहेत, म्हणून थोडं लांबण लावतो.

चंदू सरवटे. होळकर संघातले, लेगस्पिन टाकायचे, फलंदाजीही करायचे. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात सरेविरुद्ध ओव्हलवर ते आणि शुटे बॅनर्जी शेवटच्या जोडीला होते. दहावा आणि अकरावा, दोघांचीही शतकं, २४९ ची भागीदारी. आज मालिकेगणिक एकेक नवा अष्टपैलू शोधतात, तेव्हा मला ती जोडी आठवते. हेच सरवटे पुढे राष्ट्रीय निवड समितीवर होते. १९८३ च्या विश्वचषकाचा संघ निवडणाऱ्या पाच जणांत ते होते, अध्यक्ष गुलाम अहमद. सोबत बेदी, बोर्डे, पंकज रॉय. कपिलचं नाव सगळ्यांच्या तोंडी, या पाचांची नावं विचारा कुणाला. जिंकलं की निवड समिती नसते, हरलं की असते.

आणि सरवटेंचा पेशा काय होता माहीत आहे? बोटांचे ठसे तपासणारे तज्ज्ञ.

---

जिरावन_मारके | सकाळी ९:३४

आजोबा, मग आज त्यांचीच गरज होती. कोलकात्याच्या खेळपट्टीवर कुणाच्या बोटांचे ठसे आहेत ते दहा मिनिटांत सांगितलं असतं.

---

मृण्मयी_के | सकाळी ९:३६

जिरावन, या धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. दंडवत.

---

बडोद्याचा_बंड्या | सकाळी १०:२०

फिरकीपटू नरेंद्र हिरवाणींचं राहिलं, आजोबा. पदार्पणात १६ विकेट, १९८८, मद्रास. तेही तुमच्याच गावचे आणि तेही निवड समितीत होते. श्रीकांत अध्यक्ष असलेल्या काळात, २००८ ते २०१२.

ही समिती आठवा. २०११ मध्ये इंग्लंडमध्ये ०-४, मग ऑस्ट्रेलियात ०-४. समितीला धोनीचं कर्णधारपद काढायचं होतं, पण क्रिकेट मंडळाच्या अध्यक्षांनी अडवलं, असं मोहिंदर अमरनाथ यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं. तेव्हा नियमच असा होता की समितीच्या संघाला अध्यक्षांची मंजुरी लागायची. म्हणजे पाच माजी खेळाडूंनी ठरवायचं आणि एकानं नाही म्हणायचं.

गंमत म्हणजे हेच अमरनाथ खेळाडू असताना, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, निवड समितीला 'जोकरांची टोळी' म्हणाले होते. पुढे स्वतःच त्या टोळीत गेले आणि कळलं की सर्कशीचा मालक वेगळाच आहे.

---

स्वाती_टिळकपथ | सकाळी ११:०५

मी क्रिकेट बघत नाही, नवरा बघतो. काल रात्री जेवला नाही. त्याचे मार्क कुणाला द्यायचे?

---

शिशिर_रामबाग | सकाळी ११:१२

स्वातीताई, त्यांना इथे पाठवा. समदुःखी आहेत.

बंड्या, तुझ्या मुद्द्यावर. अध्यक्षांनी अडवलं ठीक, पण २०२२ मध्ये मंडळानं उलटंच केलं की. टी-ट्वेंटी विश्वचषकात इंग्लंडनं उपांत्य सामन्यात १० गडी राखून हरवलं आणि चेतन शर्मांची आख्खी समिती बरखास्त. आणि मग जानेवारीत अध्यक्ष कोण? पुन्हा चेतन शर्मा! फेब्रुवारीत छुप्या चित्रीकरणाच्या प्रकरणात राजीनामा. याला काय म्हणायचं? म्हणून मी म्हणतो, बरखास्त करायचं तर नीट करा.

---

मृण्मयी_के | सकाळी ११:४०

हेच तर. २०२२ मध्ये समिती बदलून काय बदललं? शिशिर, तू स्वतःच्याच मुद्द्याला धावबाद करतोयस.

आणि रोहित, कोहली दोघेही मे महिन्यात पाच दिवसांच्या अंतरानं कसोटीतून गेले. अश्विन त्याआधी डिसेंबरात, मालिकेच्या मध्यावर. इतक्या माणसांची जागा भरताना कुठलीही समिती चुकणारच. मला राग वेगळ्या गोष्टीचा आहे. आपले फलंदाज फिरकी खेळायचं विसरले. का? कारण ते रणजी खेळत नाहीत. कोहली गेल्या जानेवारीत रणजी खेळला तो बारा वर्षांनी, आणि तेही मंडळानं कान पिरगाळल्यावर.

---

ग्वाल्हेरी_गजक | दुपारी १२:१५

फिरकीचं म्हणाल तर इंदूरकरांनी बोलूच नये. २०२३, ऑस्ट्रेलिया, होळकर स्टेडियम. पहिला डाव १०९. लायननं दुसऱ्या डावात ८ काढल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी खेळ खल्लास, ९ गडी राखून हरलो. आयसीसीनं खेळपट्टीला आधी 'खराब' ठरवून तीन दंडगुण दिले, अपिलात ते एकावर आले. तुमच्या गावात आम्ही २०१० साली सचिनच्या नाबाद २०० सारखं काही बघितलं का? नाही. ते ग्वाल्हेरला झालं.

---

जिरावन_मारके | दुपारी १२:१९

सेहवाग २१९, डिसेंबर २०११, इंदूर. सचिनपेक्षा १९ जास्त. गजक खा आणि शांत बस.

---

शिशिर_रामबाग | दुपारी १२:२४

२०२३ च्या त्या कसोटीचं माझ्याकडे चौथ्या दिवसाचं तिकीट होतं. अजून पाकिटात आहे. बायको म्हणते फेकून दे.

---

आजोबा_नारायणबाग | दुपारी १२:५०

फेकू नका. १९९७ च्या नाताळात नेहरू स्टेडियमवर श्रीलंकेचा सामना तीन षटकांत थांबवला होता, खेळपट्टी धोकादायक म्हणून. मी आणि माझा शेजारी डबा घेऊन गेलो होतो. पुरी-भाजी. डबा उघडायच्या आत सामना संपला. घरी येऊन खाल्ली. तिकीट अजून आहे.

---

पुणेरी_पगडी | दुपारी १:१०

मूळ प्रश्न निवड समितीचा होता. आतापर्यंत गराडू, पुरी-भाजी, पोहे, जलेबी, गजक आणि कोबी झाले. दुपारी एक ते चार मी नसतो.

---

स्कोअरर_काका | दुपारी ३:४५

बरेच दिवस फक्त वाचत होतो. अपर्णाताईंचा प्रतिसाद वाचल्यापासून चैन नाही, म्हणून लिहितो.

मी चाळीस वर्षं स्कोअरिंग केलं. मधे काही हंगाम विभागाच्या सोळा वर्षांखालील संघाच्या निवडीत तिघांपैकी एक होतो. कोणता विभाग, कोणतं साल, ते राहू द्या. सोबतचे दोघं आज या जगात नाहीत.

लोकांना वाटतं निवड म्हणजे वशिला. वशिला असतो. एका वर्षी एका साहेबांच्या भाच्यासाठी तीन फोन आले होते, आणि तो भाचा संघात गेला. मी सहीही केली. पण खरं सांगू का, वशिल्यानं एक-दोनच जागा जातात. बाकीच्या कशानं जातात? आळसानं. दुपारच्या उन्हानं. आधीच यादीत एक डावखुरा फिरकीवाला आहे, मग दुसरा कशाला, या विचारानं. चहा आलाय, आता उरकून टाकू, यानं.

असाच एक मुलगा होता, डावखुरा फिरकी टाकायचा. आम्ही त्याला काढला. का काढला ते मला आठवत नाही. आज त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. माझ्या फोनची काच फुटली की मी त्याच्याचकडे जातो. पैसे घेत नाही, मी जबरदस्तीनं ठेवतो. दरवेळी काच बसवता बसवता विचारतो, "सर, मला कोणत्या बॉलवर काढलं हो?" हसून विचारतो. मी पण हसतो. आठवत नाही रे, म्हणतो. पंचवीस वर्षं हे चाललंय.

आगरकरांना किती मार्क द्यायचे मला माहीत नाही. ज्याला काढलं त्याला का काढलं हे ते सांगू शकतात का, एवढंच मी बघीन. शमीच्या बाबतीत ऑक्टोबरात जे झालं, दोघं एकमेकांशी पेपरांतून बोलत होते, ते मला आवडलं नाही. फोन करायचा होता.

---

अपर्णा_सुदामानगर | दुपारी ४:०२

काका.

काय लिहू कळत नाही. चहा आलाय, आता उरकून टाकू. हे वाचून राग यायला हवा होता, आला नाही.

---

बडोद्याचा_बंड्या | दुपारी ४:३०

काका, भाच्याचं पुढे काय झालं?

---

स्कोअरर_काका | दुपारी ४:४१

दोन सामने खेळला. एकात ३८ केल्या. वाईट नव्हता. त्याचंच तर वाईट वाटतं, फोनशिवायही कदाचित आला असता.

---

स्वाती_टिळकपथचा_नवरा | संध्याकाळी ६:१५

बायकोनं खातं उघडून दिलं. जेवलो आज.

माझं म्हणणं, इंदूरचे असून कुणी रजत पाटीदारचं नाव घेत नाही? दुलीप करंडक जिंकलेल्या मध्य विभागाचा कर्णधार. आयपीएल जिंकलेला कर्णधार. तो या संघात का नाही? समितीला शंभरपैकी शंभर!

---

मृण्मयी_के | संध्याकाळी ६:२८

स्वागत. पण रजतला २०२४ मध्ये इंग्लंडविरुद्ध तीन कसोटी मिळाल्या. सहा डावांत ६३ धावा. मला तो खूप आवडतो, तरी ते आकडे पुसता येत नाहीत. संधी मिळाली नाही असं नाही म्हणता येणार. दुसरी मिळावी, असं म्हणा.

---

स्वाती_टिळकपथचा_नवरा | संध्याकाळी ६:३१

बरं, नव्वद.

---

आजोबा_नारायणबाग | संध्याकाळी ७:२०

काकांचं वाचलं. दोनदा वाचलं.

माझे मार्क. १९७१ च्या जानेवारीत विजय मर्चंट यांनी अध्यक्षाचं जादा मत टाकून पतौडींऐवजी वाडेकरांना कर्णधार केलं. केवढा गदारोळ झाला होता. आमच्या गल्लीत दोन गट पडले. वडील पतौडींच्या बाजूचे, मर्चंटांना काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. आठ महिन्यांनी तेच आम्हाला सायकलवरून बल्ला दाखवायला घेऊन गेले. आणि १९७४ मध्ये डांबराची बातमी आली तेव्हा म्हणाले, "मी तेव्हाच म्हटलं होतं." दोन्ही वेळा त्यांचंच बरोबर.

समितीला ३५. प्रशिक्षकाला ३०. ३५ खेळाडूंना. डांबराला शून्य.

---

शिशिर_रामबाग | रात्री ८:३०

हिशेब केला. ज्यांनी आकडे दिले ते सहा धरले (जिरावनचे पोहे-जलेबी बाद). समितीला माझे ६०, मृण्मयी २०, बंड्या ३०, अपर्णाताई १०, आजोबा ३५, स्वातीताईंच्या घरून ९०. सरासरी चाळीसच्या थोडी वर. म्हणजे आपली समिती आपल्या समितीला पास करत नाही आणि धड नापासही करत नाही.

माझे मी ६० वरून ४० वर आणतो. मृण्मयीमुळे नाही, काकांमुळे. पण सरफराझबद्दल कुणीही मला पटवू शकलेलं नाही. कोबी हवाच होता.

३० तारखेला रांचीला एकदिवसीय आहे. रोहित-कोहली परत दिसतील. तोवर ग्रुपवर शांतता राहील असं वाटत नाही.

---

जिरावन_मारके | रात्री ८:३४

रविवार आहे. छप्पन दुकानला सकाळी पोहे, मग सामना. बंड्या, ये बडोद्याहून. पगडीराव, तुम्हीही या, एकला निघून चारला परत या.

---

पुणेरी_पगडी | रात्री ८:५०

गराडू मिळणार असेल तर विचार करीन.

---

स्कोअरर_काका | २८ नोव्हेंबर, रात्री १०:१०

आज माळ्यावरून जुनी स्कोअरबुकं काढली. वाळवीनं दोन खाल्लीत, पण ते वर्ष सापडलं. चाचणी सामन्याचं पान. त्या मुलाची चार षटकं, एक निर्धाव, नऊ धावा, विकेट नाही. माझी सवय होती, झेल सुटला की समासात पेन्सिलीनं बारीक टिंब द्यायचो. नियमात नाही ते, माझं आपलं. त्याच्या तिसऱ्या षटकासमोर दोन टिंबं आहेत.

पानाचा फोटो काढला आणि त्याला पाठवला. खाली लिहिलं, तिसरं षटक, दुसरा आणि पाचवा बॉल, दोन्ही स्लिपमध्ये सुटले.

साडेआठला पाठवलाय. निळ्या खुणा आल्यात. उत्तर नाही अजून.